घरट्यांखालचे अंगण

गेल्या वर्षी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळच्या पर्जन्यवृक्षाची छाटणी झाली, तेव्हा त्या झाडावर गायबगळ्यांची आणि रातबगळ्यांची मिळून वीस-बावीस घरटी होती. सकाळी नऊ वाजता आलेली माणसे अकरापर्यंत काम आटोपून, फांद्या ट्रॉलीत भरून निघूनही गेली. मला कळले ते पहारेकऱ्याच्या फोनमुळे. मी पोहोचले तेव्हा त्याने भाजीच्या दोन रिकाम्या खोक्यांत पिल्ले गोळा करून ठेवली होती. त्यांतली सात जिवंत होती, आणि वन्यप्राण्यांवर उपचार करणाऱ्या केंद्रात नेईपर्यंत त्यांतली पाच उरली.

या घटनेचे दुःख होतेच, पण त्याहून अधिक काळ माझ्या मनात राहिली ती एक वेगळी गोष्ट. त्याआधीच्या नोव्हेंबरात, पक्षी सप्ताहाच्या निमित्ताने, याच सोसायटीच्या सभागृहात मी परिसरातील पक्ष्यांवर पाऊण तास बोलले होते. पडद्यावर छायाचित्रे दाखवली होती, बगळ्यांच्या पाच जाती कशा ओळखाव्यात ते सांगितले होते, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे आणि घरट्यांना धक्का लावणे यांचा समावेश आहे, हेही आवर्जून सांगितले होते. लोकांनी माना डोलावल्या होत्या. छाटणीच्या अर्जावर ज्या गृहस्थांची सही होती, त्यांनीच त्या दिवशी मला गुलाबाचे फूल देऊन माझे आभार मानले होते, आणि ते मनापासून मानले होते याविषयी मला आजही शंका नाही. याचा अर्थ एवढाच की माहिती पोहोचली होती आणि तिचा झाडाशी काही संबंध लागला नव्हता. बारा वर्षे शाळाशाळांतून आणि सभागृहांतून अशी व्याख्याने दिल्यावर हे स्वतःशी कबूल करणे मला फारसे सुखाचे गेले नाही.

त्यानंतरच्या महिन्यांत मी आसाममधील हरगिला पक्षी वाचवण्याच्या कामाविषयी जे काही मिळेल ते पुन्हा एकदा नीट वाचून काढले. हे काम मला वरवर माहीत होते, पण पुरस्कारांच्या बातम्या वाचताना त्यामागची रीत आपल्या लक्षात येत नाही. हरगिला हा करकोच्यांच्या कुळातला, जवळजवळ पाच फूट उंचीचा पक्षी आहे. डोके आणि मान जवळपास बोडकी, गळ्याखाली लोंबणारी नारिंगी-पिवळी पिशवी आणि भलीमोठी चोच असे त्याचे रूप आहे. असमिया भाषेत ‘हाड’ म्हणजे हाड आणि ‘गिला’ म्हणजे गिळणे, म्हणून हाडे गिळणारा तो हरगिला. एकोणिसाव्या शतकात कोलकात्याच्या रस्त्यांवर आणि मोठ्या इमारतींच्या छतांवर हे पक्षी इतके दिसत की त्या शहराच्या महापालिकेच्या जुन्या मानचिन्हावरही ते होते. पुढे तिथून ते नाहीसे झाले आणि जगात आसाम, बिहारमधील भागलपूरचा परिसर आणि कंबोडिया एवढ्याच ठिकाणी त्यांची वीण उरली.

आसाममधल्या त्यांच्या वसाहती राखीव जंगलात नाहीत, गावात आहेत. कामरूप जिल्ह्यातील दादरा, पाचरिया आणि सिंगिमारी या गावांत लोकांच्या परसातल्या कदंबासारख्या उंच झाडांवर ते घरटी बांधतात. २००७ साली पूर्णिमादेवी बर्मन ही तरुण संशोधक पीएच.डी.साठी या पक्ष्याचा अभ्यास करत होती. एका घरमालकाने परसातले झाड तोडले आणि घरट्यांतली नऊ पिल्ले खाली आली. ती समजावायला गेली, तर जमलेले शेजारीपाजारी तिच्यावरच हसले. हा पक्षी मांसाचे तुकडे आणि हाडे अंगणात टाकतो, विष्ठेची दुर्गंधी सुटते, तो अपशकुनी आहे, रोगराई आणतो, आणि एवढाच कळवळा असेल तर रोज येऊन अंगण तूच झाडून जा, असे तिला ऐकवले गेले.

मला या प्रसंगात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे की अपशकुनाचा आणि रोगराईचा भाग सोडला, तर लोकांचे म्हणणे खरे होते. हरगिल्याच्या घरट्याखाली घाण होते. मासे आणि सडके मांस पडते, आणि ते साफ करण्याचे काम त्या घरातल्या बाईला करावे लागते, पक्षिशास्त्रज्ञाला नाही. ज्याच्या अंगणात घाण पडत नाही त्याने ज्याच्या अंगणात पडते त्याला निसर्गप्रेम शिकवायचे, ही आपल्या बहुतेक जनजागृतीची मूळ मांडणी आहे, आणि ऐकणाऱ्याला ती वक्त्याआधी कळते. मी सभागृहात बोलताना वासाचा एकदाही उल्लेख केला नव्हता. पर्जन्यवृक्षाखाली ज्यांच्या गाड्या उभ्या असत, त्यांच्या काचांवरच्या पांढऱ्या ओघळांविषयीही मी काही बोलले नव्हते. जे बोलायला हवे होते ते टाळून, बगळ्याच्या चोचीचा रंग विणीच्या हंगामात कसा बदलतो हे मी सांगत बसले होते.

बर्मन यांनी पीएच.डी. बाजूला ठेवली. ती त्यांनी पूर्ण केली ती २०१९ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी. दरम्यान त्यांनी पक्ष्याविषयी सांगण्याआधी गावातल्या बायकांशी ओळख करून घेतली. सभेला बोलावले तर बायका येत नाहीत, घरचे काम सोडून येणारही कशा, म्हणून त्यांनी स्वयंपाकाच्या स्पर्धा घेतल्या, सणावाराला एकत्र जमण्याची निमित्ते काढली, आणि त्या जमण्यातून हळूहळू हरगिल्याचा विषय निघू लागला. घरट्यांची झाडे ज्यांच्या मालकीची, त्या कुटुंबांचा गावासमोर गमछा, म्हणजे आसामातला मानाचा ‘गामोसा’, देऊन सत्कार होऊ लागला. ज्याला आजवर घाणेरड्या झाडाचा मालक म्हणून शेजाऱ्यांची बोलणी खावी लागत, तो माणूस आता मंचावर बसू लागला. मालकाला पैसे देऊन झाड वाचवता आले असते किंवा कायद्याचा धाक दाखवूनही काही काळ वाचवता आले असते, पण गावातल्या प्रतिष्ठेचा तराजू ज्या बाजूला झुकतो तिकडे माणसे आपण होऊन जातात, हे ओळखणे अधिक शहाणपणाचे होते.

आणि मग डोहाळजेवण. मी हा शब्द आपला वापरते आहे, पण गोष्ट तीच आहे. आसाममध्ये गरोदर बाईचे कोडकौतुक करण्याचा जो घरगुती समारंभ असतो, तो या बायकांनी हरगिल्याच्या विणीच्या हंगामात हरगिल्यासाठी करायला सुरुवात केली. गाणी म्हणायची, गोडधोड करायचे, आणि झाडावर बसलेल्या मादीला माहेरवाशिणीचा मान द्यायचा. प्रथम वाचले तेव्हा मला हे थोडे नाटकी वाटले होते. आता वाटत नाही. ‘हा पक्षी संकटग्रस्त आहे’ हे वाक्य ज्ञान देते; ‘ही बाळंतपणाला आली आहे’ हे वाक्य ऐकणाऱ्या बाईवर एक जबाबदारी टाकते, आणि ती जबाबदारी कशी पार पाडायची हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. पोटुशीच्या घरावर कुऱ्हाड चालवायची नसते, हे तिला आधीपासून ठाऊक आहे.

यातूनच ‘हरगिला आर्मी’ उभी राहिली. आज तिच्यात दहा हजारांहून अधिक स्त्रिया आहेत. घरट्यांतून पडलेली पिल्ले झेलण्यासाठी झाडांखाली जाळी बांधणे, जखमी पिल्लू उचलून उपचारांसाठी पाठवणे, शाळांतल्या मुलांना शिकवणे, ही कामे त्या करतातच. शिवाय हातमागावर हरगिल्याची नक्षी विणून साड्या आणि गामोसे विकतात. अंगावर मिरवण्याजोगी नक्षी झालेला पक्षी पुन्हा अपशकुनी ठरवणे कठीणच. दादरा, पाचरिया आणि सिंगिमारी या तीन गावांत मिळून सुरुवातीला २८ घरटी होती, ती २०२२ पर्यंत अडीचशेच्या वर गेली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने बर्मन यांना ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा सन्मान दिला, आणि २०२३ मध्ये धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत हरगिल्याची नोंद ‘संकटग्रस्त’ या गटातून ‘संकटसमीप’ या गटात आली. एखाद्या पक्ष्याची या यादीत अशी चांगल्या दिशेने वाटचाल होणे विरळच आहे.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. गुवाहाटीजवळच्या कचराडेपोवर उकिरडा उपसणाऱ्या हरगिल्यांची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली असतील. घरट्याचे झाड गावाने सांभाळले तरी पाणथळ जागा बुजत गेल्या, तर तो पक्षी खाणार काय, या प्रश्नाचे उत्तर गावातल्या बायकांकडे नाही आणि ते त्यांच्याकडून मागणेही बरोबर नाही. लोकशिक्षण जिथे पोहोचते तिथे फार खोल पोहोचते. पण नगररचनेच्या नकाशावर ज्यांचे हात फिरतात, त्यांना त्याची सबब म्हणून उपयोग होऊ नये.

पक्ष्याला माहेरवाशीण मानण्याची कल्पना आसामपुरती नाही. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातल्या कोक्करे बेल्लूर या गावात चित्रबलाक हे रंगीत करकोचे आणि झोळीवाले पेलिकन गावातल्या चिंचेच्या झाडांवर पिढ्यान्‌पिढ्या घरटी करत आले आहेत, आणि गावकरी त्यांना बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकी म्हणतात. घरटी असलेल्या झाडाची चिंच नीट उतरवता येत नाही, म्हणजे माया करायला पैसे मोजावे लागतात, म्हणून वनखात्याने तिथे भरपाईची सोय केली. तमिळनाडूतल्या वेदांतांगलमध्ये तर तळ्यात उतरणाऱ्या विष्ठेमुळे पाणी खतासारखे होते आणि ते शेतीला चांगले, हे गावकऱ्यांना अठराव्या शतकातच माहीत होते; बंदूकधारी साहेब पक्षी मारतात म्हणून त्यांनी त्या वेळच्या कंपनी सरकारकडून १७९८ च्या सुमारास संरक्षणाचे लेखी फर्मान मिळवले होते. महाराष्ट्रात, उजनीच्या पाणलोटाजवळ, इंदापूरच्या तहसील कार्यालयाच्या आवारातल्या चिंचांवर चित्रबलाकांचे सारंगागार आहे. सारंगागार हा घरट्यांच्या वसाहतीसाठी पक्षिअभ्यासक मारुती चितमपल्लींनी दिलेला शब्द मला फार आवडतो, कारण त्यात ‘आगार’ आहे, घर आहे. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर चित्रबलाकाची पिल्ले चोची वाजवत असतात, आणि त्याला त्याचे फारसे काही वाटत नाही. हे न वाटणे ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

नागालँडची गोष्ट याहून वेगळ्या रस्त्याने गेली, म्हणून तीही थोडक्यात सांगते. ऑक्टोबर २०१२ मध्ये वोखा जिल्ह्यातील दोयांग जलाशयाजवळ पांगती आणि आसपासच्या गावांत, सैबेरिया आणि उत्तर चीनकडून आफ्रिकेला निघालेले अमूर ससाणे मासेमारीच्या जाळ्यांत पकडून हजारोंच्या संख्येने विकले जात असल्याचे उघड झाले. दिवसाला बारा ते चौदा हजार पक्षी मरत असावेत, असा अंदाज तेव्हा मांडला गेला. हे चित्रित करून जगापुढे आणणाऱ्या चमूत पत्रकार बानो हारालू यांच्यासोबत शशांक दळवी हे मराठी पक्षिअभ्यासकही होते. मुलांच्या शाळेची फी या पक्ष्यांच्या विक्रीतून भरणाऱ्या कुटुंबांना थेट गुन्हेगार ठरवण्याऐवजी ग्रामपरिषदा, चर्च आणि शाळा यांच्यामार्फत बोलणे झाले, मुलांचे निसर्गमंडळ निघाले, परिषदांनी स्वतः बंदीचे ठराव केले, आणि पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, त्या गावांत शिकार थांबली. त्याच वर्षी तीन ससाण्यांना उपग्रह-यंत्रे बसवण्यात आली आणि त्यांची नावे नागा, पांगती आणि वोखा अशी ठेवली गेली. अरबी समुद्र न थांबता ओलांडणाऱ्या पक्ष्याला आपल्या गावाचे नाव असणे, यात लोकशिक्षणाची किती व्याख्याने मावतील याचा हिशेब मला करता येत नाही.

या दोन्ही कामांत एक गोष्ट समान आहे, आणि ती माझ्या लक्षात यायला वेळ लागला, कारण ती फार साधी आहे. दोन्हीकडे शिक्षण पक्ष्याच्या हंगामात झाले. हरगिला घरटे बांधतो तेव्हा त्याचा समारंभ होतो. ससाणे येण्याच्या आधी आणि ते आलेले असताना पांगतीत सभा होतात. आपल्याकडे ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. एका टोकाला चितमपल्लींचा जन्मदिवस आणि दुसऱ्या टोकाला सालिम अलींचा, असा तो आठवडा राज्य शासनाने २०२० मध्ये जाहीर केला, आणि दोघांचाही मला अतिशय आदर आहे. परंतु नोव्हेंबरात बगळ्याचे एकही घरटे झाडावर नसते. गायबगळे आणि रातबगळे आपल्या भागात पावसाच्या आगेमागे, जूनपासून, घरटी करतात; अंडी उबवायला साधारण साडेतीन आठवडे लागतात आणि पिल्लू धड उडू लागायला आणखी महिना-दीड महिना. म्हणजे मी ज्या दिवशी व्याख्यान दिले त्या दिवशी फाटकाजवळचे झाड रिकामे होते आणि ज्या दिवशी ते भरले होते त्या दिवशी मी कोणाशीच काही बोलले नव्हते.

छाटणी करणाऱ्यांचीही एक बाजू आहे. पावसाळ्यात पर्जन्यवृक्षाच्या फांद्या मोडून माणसे जखमी होतात, क्वचित दगावतात; छाटणी ही लहर नव्हे, गरज आहे. प्रश्न तारखेचा आहे. हीच छाटणी जानेवारी ते एप्रिल या काळात झाली, तर फांद्याही सुरक्षित होतात आणि कोणाचे घरही मोडत नाही. मे महिन्यात निविदा निघते, जूनमध्ये काम सुरू होते, आणि वशिल्याने पुढे-मागे सरकत शेवटी नेमक्या जुलैत आपल्या दारात पोहोचते, हे ज्याने एकदाही पालिकेच्या उद्यान विभागात खेपा घातल्या आहेत त्याला सांगायला नको.

म्हणून यंदा मी व्याख्यान दिले नाही. फेब्रुवारीत सोसायटीच्या समितीला एक पानी पत्र दिले; त्यात पक्ष्यांविषयी दोन ओळी आणि वासाविषयी दहा ओळी होत्या. घरट्यांच्या काळात फाटकाजवळची चार वाहने दुसरीकडे कुठे लावता येतील याचा नकाशा जोडला, झाडाखाली दर चार दिवसांनी चुना टाकून पाण्याने धुण्याचा खर्च किती येईल ते लिहिले, आणि छाटणी मार्चमध्येच उरकून घ्यावी अशी विनंती केली. ज्यांच्या गाड्या हलणार होत्या, त्यांपैकी दोघांनी चक्क नकार दिला. एकांनी सांगितले की तुमचे पक्षीप्रेम तुमच्या पार्किंगमध्ये ठेवा. मी त्यांना माझी जागा दिली आणि माझी स्कूटर जून ते सप्टेंबर बाहेर रस्त्यावर लावली. या देवाणघेवाणीत उदात्त असे काही नव्हते, पण तिने जे काम झाले ते गुलाबाच्या फुलाने झाले नव्हते.

झाडाखालची सफाई ज्या ताई करतात, त्यांना विचारल्याशिवाय यातले काहीच ठरवू नये, असे मला दादराच्या गोष्टीमुळे वाटले. त्या बसून माझे सगळे म्हणणे ऐकत होत्या. मग त्यांनी विचारले, “बाई, पिल्लं पडली तर उचलायची कुणी?” मी म्हटले, मला बोलवा. त्या म्हणाल्या, तुम्ही तिसऱ्या मजल्यावर, मी इथे, मांजर त्याच्याआधी पोहोचतंय. मग आम्ही दोघींनी मिळून जुनी मच्छरदाणी झाडाच्या खालच्या फांद्यांना बांधली. जाळी बांधण्याची कल्पना आसामची, पण मच्छरदाणीच्या कडेला ओढणीची पट्टी शिवून ती फाटू नये ही युक्ती त्यांची. ऑगस्टपर्यंत तिच्यात चार पिल्ले पडली. तीन आम्ही खालच्या फांदीवर ठेवली, ती पुन्हा वर चढली. पाय मोडलेले चौथे उपचारांसाठी पाठवले.

सोसायटीतल्या मुलांसाठीही मी चित्रांचे पडदे मांडले नाहीत. जूनच्या पहिल्या रविवारी त्यांना खुर्च्या घेऊन झाडासमोर बसवले आणि एवढेच सांगितले की कोणता बगळा कुठून काडी आणतो ते पाहा. तासाभरात त्यांना कळले की बरेच बगळे दूर कुठे जातच नाहीत, शेजारच्या घरट्यातली काडी पळवतात. मग जो गोंधळ उडाला तो विचारू नका. कोणत्या घरट्यातून किती काड्या चोरीला गेल्या याची नोंद दोन मुलींनी वहीत महिनाभर ठेवली, आणि त्यातल्या एकीच्या वडिलांनी, ज्यांनी गाडी हलवायला नकार दिला होता त्यांनी, जुलैत आपण होऊन मला विचारले की तळातल्या घरट्यातल्या अंड्यांतून पिल्ले बाहेर आली का.

समितीतील सगळेच काही वळलेले नाहीत. वार्षिक सभेत झाड कायमचे काढावे हा विषय पुन्हा येणार आहे, आणि १९७५ च्या वृक्ष संरक्षण अधिनियमाखाली परवानगीसाठी अर्ज करण्याचा मसुदाही कोणीतरी तयार करून ठेवला आहे, असे माझ्या कानावर आले आहे. मी त्या सभेला जाणार आहे आणि या वेळी सफाईच्या ताईंनाही बोलावले आहे. वासाविषयी बोलण्याचा अधिकार माझ्यापेक्षा त्यांचा मोठा आहे.

गेल्या वर्षीच्या जुलैत ज्याने मला फोन केला होता, तो पहारेकरी अजून फाटकावर आहे. परवा बाहेरगावच्या पाहुण्याची नोंद करायला मी त्याचे रजिस्टर उघडले, तेव्हा जूनच्या पानावर, पाणी टँकर आणि गॅस सिलिंडरच्या नोंदींच्या मध्ये, त्याच्या मोठ्या, सुट्या अक्षरांत एक ओळ दिसली. आगमनाची वेळ सकाळी सहा वाजून दहा मिनिटे, नाव बगळे, कोणाकडे या रकान्यात झाड, आणि जाण्याच्या वेळेचा रकाना कोरा.